नाइटली, स्नॅपशॉट, बीटा: अस्थिर डिपेंडन्सी बिल्डमध्ये घ्यायचीच असेल तर

२०२२ च्या डिसेंबरात, २५ ते ३० तारखांच्या दरम्यान ज्यांनी लिनक्सवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) वापरून पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीची नाइटली, म्हणजे रोज रात्री आपोआप बनणारी कच्ची आवृत्ती, बसवली, त्यांच्या मशीनवर एक परकं पॅकेज येऊन बसलं. नाव ओळखीचंच होतं, टॉर्चट्रायटन. पायटॉर्चच्या स्वतःच्या नाइटली इंडेक्सवर या नावाचं खरं पॅकेज होतं. कुणीतरी तेच नाव पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर नोंदवलं आणि पिपने खऱ्याला सोडून हे उचललं. आतल्या बायनरीने मशीनचं नाव, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, होम फोल्डरमधल्या पहिल्या हजार फाइली आणि एसएसएचच्या किल्ल्या गोळा केल्या आणि डीएनएसच्या विचारणांमध्ये लपवून बाहेर धाडल्या. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना काहीच झालं नाही.

यावरून कुणी म्हणेल की नाइटलीच्या वाटेला जाऊच नये. पण हवी असलेली दुरुस्ती कधी कधी फक्त मुख्य ब्रांचवर असते आणि पुढचं रिलीज कधी येईल याचा पत्ता नसतो. कधी आपल्याच दुसऱ्या टीमची लायब्ररी अजून घडत असते आणि तिच्याशी जोडून बघितल्याशिवाय आपलं काम पुढे सरकत नाही. अशा वेळी अस्थिर डिपेंडन्सी (आपलं कोड ज्यावर अवलंबून असतं ते पॅकेज) घ्यावीच लागते. माझं म्हणणं एवढंच की वस्तू अस्थिर असली तरी चालेल, तिचा पत्ता पक्का हवा. आणि ती पहिल्यांदा जिथे चालणार, तिथे किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि टोकनं, पडलेल्या नकोत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींतूनच निघतात.

(कमांडा आणि सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

आधी दोन प्रकार वेगळे करा

बोलताना आपण 'अनस्टेबल' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतो. पहिली गोष्ट म्हणजे कोडच अजून घडतंय: अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट) किंवा ज्याचा आवृत्ती क्रमांक शून्याने सुरू होतो असं पॅकेज. सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमांत स्पष्टच लिहिलंय की पहिला आकडा शून्य असेपर्यंत कधीही काहीही बदलू शकतं. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) हे जाणून आहे. ^१.२.३ असं लिहिलं तर ते २.०.० च्या आतलं काहीही चालवून घेतं, पण ^०.२.३ लिहिलं तर ०.३.० च्या अलीकडेच थांबतं, आणि ^०.०.३ म्हणजे फक्त तेवढी एकच आवृत्ती.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. नाव तेच राहतं आणि आतला माल बदलत जातो. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाचा स्नॅपशॉट, गिटची ब्रांच, डॉकरचा 'लेटेस्ट' टॅग, एनपीएमचे 'नेक्स्ट' आणि 'कॅनरी' टॅग हे सगळे या जातीचे. आज आणि उद्या तुम्ही एकच नाव मागता आणि हातात दोन वेगळ्या वस्तू येतात.

पहिला प्रकार तुमचा वेळ खातो, दुसरा सुरक्षितता. एनपीएमवर एकदा प्रसिद्ध झालेली 'बीटा-४' कच्ची असेल, पण ती तीच राहते. तो क्रमांक पुन्हा वापरून दुसरा माल चढवता येत नाही. म्हणून नवख्या माणसाला माझा पहिला सल्ला असा की ब्रांच आणि बीटा यांत निवड असेल तर डोळे मिटून बीटा घ्या.

पायरी १: आपल्याकडे आत्ता काय आहे ते बघा

आपण हाताने लिहिलेली यादी पुरेशी नसते. त्या पॅकेजांनी आणलेली पॅकेजं आणि त्यांनी आणलेली आणखी पॅकेजं, असं सगळं झाड बघायला हवं. मेव्हनमध्ये 'डिपेंडन्सी:ट्री', रस्टच्या कार्गोत 'कार्गो ट्री', एनपीएममध्ये 'एनपीएम एलएस --ऑल', गोमध्ये 'गो लिस्ट -एम ऑल'. निघालेल्या यादीत हे शब्द शोधा: स्नॅपशॉट, अल्फा, बीटा, आरसी, डेव्ह, नाइटली, कॅनरी, आणि 'गिट+' ने सुरू होणारे पत्ते. डॉकरफाइलमधली 'फ्रॉम' ची ओळ आणि सीआयच्या (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलींत 'युझेस' लिहिलेल्या ओळीसुद्धा याच यादीत धरा. त्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण नवीन माणूस हमखास त्यात अडकतो. 'हे डेव्ह डिपेंडन्सीत आहे, प्रॉडक्शनला जात नाही, मग काळजी कशाला?' प्रॉडक्शनला जात नाही हे खरं. पण ते तुमच्या लॅपटॉपवर आणि सीआयच्या मशीनवर चालतं, आणि प्रकाशनाची टोकनं, क्लाउडच्या किल्ल्या तिथेच असतात. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंट-स्कोपची ३.७.२ ही आवृत्ती आली ती अशीच. ईएसलिंट म्हणजे निव्वळ डेव्हलपरचं अवजार. तिच्या एका देखभालकर्त्याने एनपीएमचाच पासवर्ड आणखी एका ठिकाणी वापरला होता. खातं हल्लेखोराच्या हाती गेलं आणि ती आवृत्ती बसवणाऱ्यांच्या एनपीएमच्या टोकनांवर डल्ला मारू लागली. शेवटी एनपीएमने त्या दिवसाआधी दिलेली सगळीच टोकनं रद्द करून टाकली.

पायरी २: प्रत्येकीपुढे कारण लिहा

यादीतल्या दर अस्थिर नावापुढे एक ओळ लिहा: ही का घेतली, कुणी घेतली, काय झालं की ती काढायची. उदाहरणार्थ, 'मेमरी गळतीची दुरुस्ती फक्त मुख्य ब्रांचवर आहे, २.४ रिलीज झालं की परत'. ही ओळ वेगळ्या कागदपत्रात ठेवू नका, कुणी उघडत नाही. डिपेंडन्सी जिथे लिहिली आहे तिथेच, तिच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून ठेवा. (पॅकेज डॉट जेसनमध्ये कॉमेंट चालत नाही, तिथे कमिटच्या संदेशात तरी लिहा.) ज्या नावापुढे कारण सुचत नाही ते काढून बघा. माझ्या अनुभवात बरीचशी तशीच निघतात.

पायरी ३: पत्ता पक्का करा

गिटवरून काही घेत असाल तर ब्रांचचं नाव लिहू नका, कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) लिहा. टॅग लिहिला तर चालेल ना, असं सगळे विचारतात. नाही चालत, कारण टॅग म्हणजे दाराला चिकटवलेली चिठ्ठी. मालकाला किंवा मालकाच्या किल्ल्या चोरणाऱ्याला ती काढून दुसऱ्या दारावर लावता येते. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या 'चेंज्ड-फाइल्स' या गिटहब अ‍ॅक्शनचं (सीआयमध्ये जोडायच्या तयार पायरीचं) नेमकं हेच झालं. हल्लेखोराने तिचे जुने टॅग एका दुष्ट कमिटकडे वळवले. ती अ‍ॅक्शन २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरींत वापरात होती. सीआयच्या मशीनच्या मेमरीतली गुपितं थेट लॉगमध्ये छापली जाऊ लागली आणि सार्वजनिक रिपॉझिटरीचे लॉग कुणालाही वाचता येतात. ज्यांनी हॅश लिहून ठेवला होता त्यांचा पत्ता हललाच नाही.

हॅश घेतानाही एक बारकावा आहे. गिटहबवर फोर्कमधलं (दुसऱ्या कुणी घेतलेल्या प्रतीतलं) कमिट मूळ रिपॉझिटरीच्या पत्त्यावरूनही उघडतं. म्हणजे दिसायला 'मूळ प्रकल्प आणि हॅश' असलेला पत्ता खरं तर तिऱ्हाइताच्या फोर्कमधला असू शकतो. हॅश उतरवून घेण्याआधी ते कमिट प्रकल्पाच्या स्वतःच्या ब्रांचवर आहे ना, एवढं बघून घ्या.

मेव्हनच्या स्नॅपशॉटचं वेगळं. रिपॉझिटरीत त्याचं खरं नाव '१.४.०-स्नॅपशॉट' नसतंच. तिथे '१.४.०-२०२४०३११.०८४५१२-७' असं काहीतरी असतं: ११ मार्च २०२४, यूटीसीप्रमाणे सकाळी ८ वाजून ४५ मिनिटं १२ सेकंद, आणि सातवा बिल्ड. पॉम फाइलमध्ये हे लांबलचक नाव जसंच्या तसं लिहिता येतं आणि मग तुम्हाला तोच सातवा बिल्ड मिळत राहतो. नुसतं 'स्नॅपशॉट' लिहिलं तर मेव्हन ठरलेल्या सवयीने दिवसातून एकदा नवा आहे का विचारतो, आणि ग्रेडल (जावाचंच दुसरं बिल्ड साधन) २४ तास जुनीच प्रत धरून ठेवतो. मी आणि माझा एक सहकारी एकदा एकाच कमिटवर बसून दुपारभर भांडलो आहोत. त्याच्याकडे टेस्ट पास, माझ्याकडे फेल. त्याच्या कॅशेत सकाळचा स्नॅपशॉट होता आणि माझ्याकडे जेवणानंतरचा.

अर्थात स्नॅपशॉटच्या रिपॉझिटऱ्या जुना माल ठरावीक काळाने झाडून टाकतात. त्यामुळे वेळेचा शिक्का असलेलं नाव लिहिलंत तरी दोन महिन्यांनी ती जार फाइल (जावाचं बांधून तयार पॅकेज) जागेवर नसण्याची शक्यता असते. तिची प्रत आपल्या रिपॉझिटरीत ठेवा.

बाकीच्यांचं थोडक्यात. रस्टच्या नाइटली टूलचेनचं नाव तारखेसकट लिहिता येतं, 'नाइटली-२०२४-०५-०१' असं. ते रस्ट-टूलचेनच्या फाइलीत टाका. डॉकरमध्ये टॅगच्या पुढे '@शा२५६' चा डायजेस्ट जोडा. गो हे आपणहूनच करतं: ब्रांचचं नाव देऊन मागितलंत तरी गो डॉट मॉडमध्ये तो कमिटची वेळ आणि हॅशची पहिली १२ अक्षरं मिळून बनलेली आवृत्ती लिहितो. पायथनमध्ये '--प्री' हा झेंडा टाळा. तो तुम्हाला हव्या असलेल्या एका पॅकेजापुरता राहत नाही, त्याने आणलेल्या सगळ्या गोतावळ्याला बीटा घ्यायची मुभा देतो. त्याऐवजी त्या एकाच पॅकेजापुढे दोन बरोबरच्या खुणा घालून नेमकी बीटा आवृत्ती लिहा. पिप तेवढ्यापुरती ती स्वीकारतो.

पायरी ४: लॉकफाइल कमिट करा, आणि ती वाचा

लॉकफाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल, रिपॉझिटरीत असावी हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ती पाळली जाते का हे मात्र फार थोडे बघतात. 'एनपीएम इन्स्टॉल' ला पॅकेज डॉट जेसन आणि लॉकफाइल यांत फरक दिसला तर तो गुपचूप लॉकफाइल बदलतो. 'एनपीएम सीआय' तसं करत नाही, फरक दिसला की थांबतो आणि बिल्ड पाडतो. सीआयमध्ये कायम दुसरी कमांड हवी. एनपीएमला पर्याय असलेल्या यार्न आणि पीएनपीएममध्ये '--फ्रोझन-लॉकफाइल', कार्गोत '--लॉक्ड'. पिपसाठी 'पिप-कंपाइल --जनरेट-हॅशेस' ने यादी बनवा आणि बसवताना '--रिक्वायर-हॅशेस' द्या. ग्रेडलमध्ये व्हेरिफिकेशन-मेटाडेटाची फाइल असते, तिच्यात प्रत्येक जारचा शा-२५६ राहतो.

पिपच्या हॅश तपासणीत एक खोच आहे आणि ती नेमकी अस्थिर पॅकेजांनाच टोचते: गिटवरून घेतलेल्या पॅकेजाला हॅश लावता येत नाही. तिथे मी असं करतो. त्या कमिटवरून एकदा व्हील (पायथनचं बांधून तयार पॅकेज) बनवायचं, आपल्या खासगी इंडेक्सवर ठेवायचं, त्याच्या नावाच्या आवृत्तीत कमिटची पहिली काही अक्षरं घालायची आणि यादीत त्या व्हीलचा हॅश लिहायचा. काम थोडं वाढतं. पण पुढे दरवेळी बिल्ड मशीनला गिटपर्यंत जावं लागत नाही हा फायदा वरचा.

आता वाचण्याबद्दल. रिव्ह्यूला आलेल्या बदलात लॉकफाइलच्या चार हजार ओळी असतात, गिटहब त्या मिटून ठेवतो आणि आपण 'मंजूर' दाबतो. हल्ला करणाऱ्याला हे माहीत असतं. सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. प्रत्येक पॅकेजाच्या नोंदीत दोन ओळी महत्त्वाच्या: 'रिझॉल्व्ह्ड', म्हणजे फाइल नेमकी कुठून आली तो पत्ता, आणि 'इंटेग्रिटी', म्हणजे शा-५१२ चा हॅश. तीन गोष्टी दिसल्या तर थांबा. आवृत्ती तीच आणि हॅश मात्र बदललेला. रिझॉल्व्ह्डमधलं सर्व्हरचं नाव नेहमीच्या रजिस्ट्रीचं नसणं. आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये एकही बदल नसताना लॉकफाइलमध्ये नवं नाव उगवणं. यातली दुसरी गोष्ट 'लॉकफाइल-लिंट' नावाचं छोटं साधन आपोआप पकडतं. सीआयमध्ये लावून टाका.

हॅश काय सांगत नाही हेही लक्षात असू द्या. वस्तू तीच आहे एवढंच तो सांगतो, वस्तू चांगली आहे असं सांगत नाही. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (बॅकडोर) बसवलेलं होतं, आणि त्या टारबॉलचा (प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्याचा) हॅश काढून लिहून ठेवला असता तर तो दरवेळी तंतोतंत जुळलाच असता.

पायरी ५: एका नावाला एकच दुकान

सुरुवातीच्या टॉर्चट्रायटनकडे परत येतो, कारण तिथला दोष पिपच्या एका सवयीत आहे. '--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल' देऊन दुसरा इंडेक्स जोडला की पिप दोन्हींना समान मानतो. आधी खासगी बघू, मग सार्वजनिक, असा क्रम त्याच्याकडे नाही. दोन्हीकडचा माल एका ढिगात टाकतो आणि सगळ्यांत मोठा क्रमांक उचलतो. म्हणजे तुमच्या आतल्या पॅकेजाचं नाव कुणाला कळलं की त्याने पायपीआयवर त्याच नावाने ९९.०.० चढवायचं, बस्स. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान या संशोधकाने हीच युक्ती प्रसिद्ध केली. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह ३५ हून अधिक संस्थांच्या आतल्या यंत्रणांपर्यंत तो पोचला होता, त्यांच्या सुरक्षा बक्षीस योजनांच्या किंवा परवानगीच्या चौकटीत राहून.

उपाय असा की प्रत्येक नाव कुठून यायचं हे आधीच ठरलेलं असावं. पायथनमध्ये एक्स्ट्रा इंडेक्सऐवजी एकच '--इंडेक्स-यूआरएल' द्या, आणि तो तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीचा असू द्या. नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखा. सार्वजनिक माल त्याच्यामार्फत येतो, आतला माल तिथेच असतो आणि कोणत्या नावाला कुठला उगम हे तुम्ही तिथे ठरवता. यूव्ही (पिपच्या जागी चालणारं साधन) वापरत असाल तर त्याची मूळ सवय बरी आहे: ज्या इंडेक्सवर नाव पहिल्यांदा सापडलं तिथेच थांबतो. एनपीएममध्ये आतली पॅकेजं स्कोपखाली (नावाआधी लागणाऱ्या @ च्या उपसर्गाखाली) ठेवा आणि तो स्कोप सार्वजनिक रजिस्ट्रीवरही आपल्या नावे नोंदवून टाका. ग्रेडलमध्ये 'एक्सक्लुझिव्ह कंटेंट' लावून अमुक ग्रुप अमुकच रिपॉझिटरीतून, असं बांधता येतं. गोमध्ये आतल्या मॉड्यूलांचे पत्ते 'गोप्रायव्हेट' मध्ये घाला, म्हणजे त्यांची नावं सार्वजनिक प्रॉक्सीपर्यंत आणि चेकसमच्या नोंदवहीपर्यंत जात नाहीत.

पायटॉर्चच्या मंडळींनी नंतर त्या डिपेंडन्सीचं नाव बदलून 'पायटॉर्च-ट्रायटन' केलं आणि ते नाव पायपीआयवर रिकामं पॅकेज ठेवून अडवून टाकलं. तुमची आतली नावं सार्वजनिक रजिस्ट्रीवर मोकळी पडली आहेत का, हे आजच बघता येईल.

पायरी ६: बिल्डच्या खोलीत किल्ल्या ठेवू नका

पॅकेज नुसतं बसवताना त्याचं कोड चालतं, हे ऐकून नवीन माणूस पहिल्यांदा दचकतो. एनपीएममध्ये 'पोस्टइन्स्टॉल' असतं. पायथनमध्ये सोर्सवरून बसवलं की सेटअपची स्क्रिप्ट चालते. रस्टमध्ये कंपाइल होतानाच बिल्ड डॉट आरएस आणि प्रोसीजरल मॅक्रो चालतात. गो यात वेगळा; त्याने डिपेंडन्सी आणताना आणि बिल्ड करताना परकं कोड चालू द्यायचं नाही असं मुद्दाम ठरवलंय, मात्र टेस्ट चालवली की ते कोड चालणारच.

म्हणून जे बंद करता येतं ते बंद करा. एनपीएममध्ये 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' चालू ठेवा आणि ज्या दोनचार पॅकेजांना खरोखर स्क्रिप्ट लागते त्यांच्यापुरतीच ती हाताने चालवा. पीएनपीएमच्या १० व्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात आणि लागतील त्यांना नाव घेऊन परवानगी द्यावी लागते. पिपला '--ओन्ली-बायनरी' दिलं की तो सोर्सकडे वळत नाही. रस्टमध्ये असं बटण नाही, तिथे खोलीच वेगळी करावी लागते.

खोली वेगळी करणं म्हणजे काय? सीआयच्या कामाचे दोन तुकडे करा. पहिल्यात डिपेंडन्सी येतात, बिल्ड होतो, टेस्ट चालतात. याला कुठलंही गुपित दिसत नाही, रिपॉझिटरीचं टोकनसुद्धा फक्त वाचण्यापुरतं. दुसरा तुकडा पहिल्याने बनवलेली फाइल उचलतो आणि प्रकाशित करतो. प्रकाशनाची किल्ली फक्त इथे, आणि इथे एकही डिपेंडन्सी बसवली जात नाही. एकाच कामात वर 'इन्स्टॉल' आणि खाली 'पब्लिश', दोन्हींवर एकच एन्व्हायर्नमेंट, हे चित्र मी अजूनही वारंवार बघतो. तिथे कुठलंही पोस्टइन्स्टॉल तुमच्या प्रकाशनाची किल्ली वाचू शकतं.

जमलं तर आणखी एक करा: डिपेंडन्सी आणून झाल्या की बिल्डचं नेटवर्क तोडा. डॉकरमध्ये '--नेटवर्क नन' देता येतं, कार्गोला '--ऑफलाइन'. दोन फायदे होतात. चोरी झाली तरी माल बाहेर जायला वाट नसते. आणि बिल्डच्या मधेच कुणी गुपचूप काही डाउनलोड करत असेल तर ते लगेच फुटून दिसतं. पहिल्यांदा तोडाल तेव्हा निम्मा बिल्ड कोसळेल, घाबरू नका. कोण कोण परस्पर बाहेर जात होतं याची यादीच तुम्हाला आयती मिळाली आहे.

लॅपटॉपवरही अस्थिर डिपेंडन्सी कंटेनरमध्ये चालवा आणि होम फोल्डर आत जोडू नका. टॉर्चट्रायटनच्या बायनरीला हजार फाइली मिळाल्या त्या होम फोल्डरमधूनच.

पायरी ७: नव्याला थोडं मुरू द्या

८ सप्टेंबर २०२५ ला एका देखभालकर्त्याला फसव्या ईमेलने गाठून चॉक, डीबग अशा १८ एनपीएम पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. आठवड्याला त्यांचे सगळे मिळून दोन अब्जांहून जास्त डाउनलोड होत. काही तासांतच त्या पकडल्या आणि काढल्या गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये युए-पार्सर-जेएसच्या तीन आवृत्त्यांचंही असंच, तासांचाच खेळ. अशा हल्ल्यांत बळी पडतो तो नेमका त्याच तासांत 'अपडेट' करणारा.

त्यामुळे एक साधा नियम फार पुढे नेतो: काही दिवस जुनं झाल्याशिवाय घ्यायचं नाही. पीएनपीएमने त्याच सप्टेंबरात, १०.१६ मध्ये, 'मिनिममरिलीजएज' हे सेटिंग आणलं. ते मिनिटांत असतं, म्हणजे १४४० लिहिलं की एक दिवस. रेनोव्हेट या बॉटमध्ये याच नावाचं सेटिंग आहे, डिपेंडाबॉटमध्ये त्याला 'कूलडाउन' म्हणतात, यूव्हीत 'एक्सक्लूड-न्यूअर' ला तारीख देता येते. मी साधारण आठवडा ठेवतो. नाइटलीला हे लावणं विचित्र वाटेल, पण आजचीच नाइटली हवी असं खरं तर क्वचितच असतं. हवी असलेली दुरुस्ती जिच्यात पहिल्यांदा आली, ती चार दिवसांपूर्वीची नाइटलीही काम भागवते. तातडीच्या सुरक्षा दुरुस्तीसाठी मात्र हा नियम मोडायची वाट ठेवा, आणि तो कुणी मोडला याची नोंदही.

हा रामबाण नव्हे. एक्सझेडची ५.६.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि भानगड उघड झाली २९ मार्चला. तीही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची रुखरुख लागली म्हणून. आठवडाभर थांबणाऱ्यालाही ती मिळालीच असती. तोवर ती डेबियनच्या अनस्टेबल शाखेत आणि फेडोराच्या रॉहाइड या विकासशाखेत पोचली होती. डेबियनच्या स्टेबलपर्यंत मात्र गेली नव्हती.

पायरी ८: दोन मार्गिका

मुख्य बिल्ड पक्क्या पत्त्यांवर चालतो आणि तो लाल झाला तर सगळे थांबून बघतात. शेजारी दुसरा बिल्ड रोज रात्री ताज्या नाइटलीवर चालवा. तो लाल झाला तरी कुणाचं मर्ज अडत नाही, त्याने बनवलेलं काहीही कुठे प्रकाशित होत नाही आणि त्याच्या हाताशी एकही किल्ली नसते. पुढे काय मोडणार आहे याची वर्दी तुम्हाला त्याच्याकडून आधीच मिळते. दोन्हींचे कॅशे वेगळे ठेवा, नाहीतर रात्रीचा माल सकाळच्या बिल्डमध्ये झिरपतो.

आणि रिलीजच्या दारात एक रखवालदार हवा. मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनमध्ये 'रिक्वायर-रिलीज-डेप्स' हा नियम आहे. एकही स्नॅपशॉट उरला असेल तर तो रिलीज होऊ देत नाही. बाकीच्या ठिकाणी पायरी १ मधले शब्द शोधणारी दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. अपवाद करावाच लागला तर तो नावानिशी आणि मुदतीसकट.

पत्ता पुढे सरकवायची वेळ आली की एका वेळी एकच डिपेंडन्सी हलवा, वेगळ्या कमिटमध्ये. जुना हॅश आणि नवा हॅश यांच्यातला फरक उघडून बघा. सगळं समजलं नाही तरी चालेल; बिल्डच्या स्क्रिप्ट, नव्या बायनरी फाइली आणि कुठे नेटवर्कला हात लावलाय एवढं तरी पाहा. एक्सझेडमध्ये विष टेस्टसाठीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत होतं आणि ते चालू करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती.

काही घडलंच तर

पहिली प्रतिक्रिया असते ते पॅकेज काढून टाकायची. थांबा. आधी लॉकफाइलचा गिटमधला इतिहास काढा: दूषित आवृत्ती कोणत्या कमिटला आली, कधी गेली, त्या काळात कोणते बिल्ड झाले आणि कोणत्या मशीनवर. प्रत्येक बिल्डसोबत सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्सची घटकयादी साठवत असाल तर हे काम मिनिटांचं होतं. मग त्या मशीनांवरची प्रत्येक किल्ली बदला, आणि ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. कॅशे पुसा, प्रॉक्सीवरचीही प्रत काढा. ती विसरली की पुढच्या बिल्डला तेच विष घरच्याच कपाटातून मिळतं. त्या काळात बनलेलं काही बाहेर गेलं असेल तर ते पुन्हा बांधा.

शेवटची पायरी: परत फिरताना

हवं ते रिलीज आलं, तुम्ही बीटाच्या जागी स्थिर क्रमांक लिहिला. काम अजून अर्धंच झालंय. त्या बीटासाठी जोडलेला इंडेक्स, सेटिंग्जमधली स्नॅपशॉट रिपॉझिटरी, स्क्रिप्टला दिलेली परवानगी, रखवालदाराच्या यादीतला अपवाद, आपल्या प्रॉक्सीवर ठेवलेली प्रत, हे सगळं तिच्याच सामानात धरा आणि त्याच कमिटमध्ये काढा. आमच्या एका प्रकल्पात स्नॅपशॉट निघून वर्ष उलटलं होतं, पण त्याची रिपॉझिटरी सेटिंग्जमध्ये यादीच्या अगदी वर तशीच होती. नेटवर्क तोडून पहिल्यांदा बिल्ड चालवला तेव्हा ते दिसलं: वर्षभर आमचा बिल्ड प्रत्येक नव्या जारसाठी आधी त्या परक्या दाराशी जाऊन 'तुमच्याकडे आहे का' असं विचारत होता.